फुकटाचं पाणी

लेकीचं बाळंतपण उरकून केशरबाई निंबोळ्याला परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी ग्रामसभेला गेल्या. त्या नसताना पंचायतीने नवं जलयंत्र बसवलं होतं. घरोघरी गोड पाणी येत होतं आणि पाणीपट्टी कायमची माफ झाली होती.

"मग यंत्राचा खर्च कोण करतं?" केशरबाईंनी विचारलं.

"कंपनी करते," सरपंचबाई हसून म्हणाल्या. "आपल्याकडून काही नको म्हणते."

लगेच गावचं गायरान त्याच कंपनीला देण्याचा ठराव आला. केशरबाईंचे यजमान विश्वनाथराव प्रत्येक सभेत सरपंचांशी हुज्जत घालणारे. आज त्यांनीही हसत हात वर केला. "देऊ की. चांगली माणसं आहेत."

केशरबाईंच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून त्या नळाचं पाणी मोरीत ओतू लागल्या आणि मळ्यातल्या विहिरीचं मचूळ पाणी गुपचूप माठात भरू लागल्या.

काही दिवसांनी सकाळी विश्वनाथरावांनी चहाचा कप आदळला. "हा काय चहा आहे?" मग ते एकदम थबकले आणि ओरडले, "गायरान दिलं आपण? मी हात वर केला?"

केशरबाईंना हुंदका आला. आपलं माणूस परत आलं होतं. पण पलीकडच्या अंगणातल्या नळावर हंडा भरणारी शेजारीण मान वळवून, हसतमुखाने इकडेच बघत होती.

केशरबाईंनी आधी खिडकी लावली.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर गेलात की हसत राहा."