परत गेलेले पाचशे

"काका, पाचशे रुपये आले होते," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. "पण तुम्ही इथलं खातं बंद केलंत ना, म्हणून ते परत गेले."

सोपानरावांनी काउंटरची कड धरली. सायकलच्या दुकानाचं चालू खातं या बँकेतून त्या बँकेत हलवायचा त्यांना नादच होता. खातं उघडल्याबद्दल एकीने कुकर दिला, दुसरीने घड्याळ. या खेपेला नवी बँक दोन हजार देत होती. "हे खातं तरी राहू द्या हो," त्यांच्या पत्नी यमुनाबाई काकुळतीने म्हणाल्या होत्या. पण येणारे पैसे आपोआप इकडे वळतील, असं नव्या बँकेतल्या माणसाने सांगितलं आणि सोपानराव भुलले.

मुलगा नंदू बापाशी भांडून घरातून गेला, त्यानंतर ना त्याचा फोन, ना पत्ता. दर महिन्याला त्याच्या नावाने खात्यात पडणारे पाचशे रुपये, एवढीच काय ती त्याची खुशाली. या महिन्यात नव्या खात्यात काहीच पडलं नाही, म्हणून दोघं जुन्या बँकेत विचारायला आली होती.

"पोरी, त्याला काय कळलं असेल गं?"

"खातं बंद आहे, एवढंच."

"मग तोच नंबर पुन्हा दे मला."

"तो आता नाही मिळत, काका."

यमुनाबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. "त्याला वाटलं असेल, बापाने पैसे तोंडावर फेकले," सोपानराव कसेबसे म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग भांडायला तरी घरी येईल का हो तो?"