सहाशे पानांची कादंबरी

लेखकमहाशयांची सहाशे पानांची कादंबरी हार्ड डिस्कसोबत गेली, त्याला दहा वर्षं होत आली. दरवर्षी त्या तारखेला घरात टीव्ही बंद असतो आणि भेटायला येणारी माणसं हळू आवाजात बोलतात. यंदा बायकोने गुपचूप ती डिस्क दुरुस्तीवाल्याकडे दिली. आठवडाभर डोकेफोड करून त्याने फाइल परत मिळवली आणि बाईंसमोर उघडली. वर ‘प्रकरण पहिले’, खाली सगळं कोरं.

"बाकीचं कुठंय?"

"ताई, कोपरा न् कोपरा पिंजून काढला. बाकीचं कधी नव्हतंच."

बाईंनी स्वतःच फाइल बंद केली.

"मग दादा, होती तशी बिघडवून द्या. मंगळवारी दहावा स्मृतिदिन आहे, चाळीस माणसं यायचीत."