डोहातली मरळ

दगडावर आपटून झाली तरी मरळ मरेना. जातच चिवट. म्हाळसाबाईनं तिला राखेत घोळलं, दगडावर घासघासून बुळबुळीत कातडी खरखरीत केली आणि विळीवर धरली. तुकडे पडले तरी बाजूला ठेवलेलं डोकं तोंडाची उघडझाप करत होतं.

सून येसू चुलीपाशी बसली होती. दिवस मावळतीला गेला होता, पण तिला अजून दिवा लावायचंही सुचलं नव्हतं.

"आत्याबाई, ही कुटली मरळ?"

"डोहातली. माज्या हातानं गळ टाकून काढली."

त्याच डोहात येसूचा नवरा मल्हारी अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता, आणि वर आला नव्हता. काठावर धुणं आपटता आपटता तिनं त्याला खाली जाताना पाहिलं होतं. आळीतल्या भोयांनी बांबू खुपसले, बुड्या मारल्या, सारा डोह ढवळून काढला. सीना नदीनं काही त्याला परत दिलं नाही. आणि भोयांच्यात रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. डोहात माणूस बुडाला की प्रेत हाती लागेपर्यंत त्या डोहाचा मासा चुलीवर चढत नाही. का, ते कुणी विचारत नाही. मरळ काही गवत खाऊन जगत नाही.

"आत्याबाई, लोक काय म्हनतील?"

"लोकांचं मी बगते. तू खोबरं भाज."

सासूच्या शब्दापुढं येसूचं कधी चाललं होतं, म्हणून आज चालेल? तिनं खोबरं भाजलं, लसूण-मिरची वाटली, चिंचेचा कोळ काढला. कालवणाला उकळी फुटली तसा वास आळीभर गेला आणि दारात बायका गोळा झाल्या. त्यांना बाजूला सारत चन्नप्पा आला. आळीतला सगळ्यांत जुना भोई, त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

"म्हाळसव्वा," तो हलकेच म्हणाला, "आता वाट बगून भागायचं न्हाय. सकाळी पिठाचा पुतळा करू आन् त्येलाच अग्नी देऊ. पोरीच्या बांगड्याबी मग..." तेवढ्यात त्याची नजर चुलीकडं गेली. "ह्ये कुटल्या पान्यातलं शिजतंय?"

"डोहातलं."

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"माजा मल्हारी सोलापुरात हाय," म्हाळसाबाई ठणकावून म्हणाली. "गिरणीला लागलाय. त्यो बुडालाच न्हाय, तर रीत कुणासाटी पाळू?"

चन्नप्पा येसूकडं वळला. "आन् तू गं पोरी? तू खाशील?"

सगळ्या आळीचे डोळे येसूवर लागले. खाल्लं तर उद्याचा पुतळा टळत होता. कपाळ राहत होतं, हातातला चुडा राहत होता. नाही खाल्लं तर नवरा मेला असं तिनंच आपल्या तोंडानं सांगितल्यासारखं होत होतं. तिला सगळं दिसत होतं, तरी म्हातारीचा आवाज इतका ठाम होता की येसूच्या मनात आलं, मल्हारी पोहून पैलतीराला लागलाही असेल, कोण जाणे. आशा मेली फार वाईट. बुडत्याला काडी दाखवते, पाणी किती खोल आहे ते सांगत नाही.

म्हाळसाबाईनं दोन पितळ्यांत भाकरी आणि कालवण वाढलं. येसूनं डोळे मिटून पहिला घास घेतला.

मासा गोड होता. तेच तिला सोसेना. इतक्या दिवसांची भूक एकदम खवळली आणि हात आपोआप दुसऱ्या घासाकडं गेला.

"बरं," चन्नप्पा म्हणाला. "पुतळा न्हाय करत." उपरणं झटकून तो पायऱ्या उतरला. बायकाही कुजबुजत आपापल्या घरी गेल्या. आळीत एकदम सामसूम झाली.

आता येसूला जरा बरं वाटलं. तिनं चिमणी लावली, पुन्हा पानावर बसली. म्हातारी सावकाश जेवत होती. एक कणही वाया घालवत नव्हती. डोकंसुद्धा तिनं फोडून चोखून खाल्लं.

"आत्याबाई, सोलापुरात त्येस्नी कुनी बगितलं? कंच्या गिरणीत हाईत?"

म्हाळसाबाईनं मांडीवर धुतलेलं पांढरं फडकं पसरलं होतं आणि एकेक काटा पुसून त्यावर ठेवत होती. उंबऱ्याशी मांजर घुटमळत होतं. येसूनं घास तोंडात घातला आणि हातातला काटा मांजराकडं टाकायला गेली, तोच म्हातारीनं तिचं मनगट गच्च धरलं.

"मांजराला न्हाय. हितं ठीव. येकबी सांडू नगंस. सकाळी नदीला सोडायचं हाय."

येसूनं काटा फडक्यावर ठेवला.

"पिठाच्या बाहुलीला माजा पोर म्हनून जाळू देती व्हय मी?" म्हाळसाबाईनं आपल्या पोटावर हळूहळू थापटलं, मूल निजवताना थापटतात तसं. "त्या बुड्या मारणाऱ्यांना गावला न्हाय त्यो. आनला की मी घरी. खा, सावकाश खा."

येसूच्या तोंडात घास होता. तो खाली उतरेना, आणि थुंकायची तिची छाती होईना.