येते गं

आवाज टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारं लूप पेडल एकदाचं लॅपटॉपला जोडून झालं! कादंबरीने ते ऐटीत पायाने दाबलं, गळा साफ केला, तोच हिंजवडीला निघालेली ताई दारातून ओरडली, "येते गं!"

"ताई! ते रेकॉर्ड झालं ना!"

"मग मानधन पाठव," म्हणत ताईने स्कूटर काढली.

कादंबरीने पुन्हा पेडल दाबलं. स्पीकरमधून ताईचाच आवाज फिरू लागला, "जाते गं... जाते गं..."

आई स्वयंपाकघरातून चिडली, "निघताना जाते काय म्हणतेस? येते म्हणावं!"

कादंबरीने पेडलवरचं थांबवायचं बटण दाबलं, मग पुसायचं. आवाज फिरतच राहिला. शेवटी तिने वायरच उपटली, तेव्हा कुठे स्पीकर गप्प झाला.

तिने घाईघाईने ताईला फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

पलीकडून, त्याच लयीत, "जाते गं... जाते गं..."