धाकट्याच्या घराची डिस्क

पडद्यावर धाकटा मुलगा वरून खाली सरकला, पुन्हा वर आला आणि पुन्हा खाली घसरला. रंगाचा पत्ता नव्हता. करड्या पट्ट्यांमधून कधी त्याचं कपाळ दिसे, कधी नुसते बूट. आवाज मात्र खणखणीत होता.

"आणि आई, ही तुझी खोली! खास तुझ्यासाठी करून घेतलीय. आता कुरकुर न करता निघून ये बघू."

सासूबाई कानांत प्राण आणून ऐकत होत्या. खोली म्हणून समोर आल्या त्या पट्ट्याच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या थोरल्या मुलावर खेकसल्या, "बघत काय बसलास? हाण की त्याच्या डोक्यावर एक!"

थोरल्याने टीव्हीला दोन थपडा दिल्या. मागे वाकून वायर उपटली, पुन्हा खोचली. "आई, डिस्क परदेशातली आहे. तिकडची चित्राची पद्धतच वेगळी असते, या जुन्या टीव्हीला ती नाही पेलत. नवा घेऊ म्हटलं तर तू ऐकत नाहीस."

"याला हात लावायचा नाही. पहिल्या पगारातून आणलाय धाकट्यानं."

हे वाक्य थोरल्या सुनेने इतक्या वेळा ऐकलं होतं, की सासूबाईंच्या आधी ते तिच्याच ओठांवर यायचं. ती भिंतीला टेकून उभी होती. रिमोट तिच्या हातात होता आणि चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती.

दुपारी घरात कोणी नसताना तिने हीच डिस्क लावून पाहिली होती. तेव्हाही पट्ट्याच आल्या. पण प्लेअर घेताना दुकानदाराने तिला सांगून ठेवलं होतं, की बाहेरची डिस्क आली तर सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा प्रकार बदलायचा, बाकीचं प्लेअर बघून घेतो. तिने बदलला. आणि त्याच म्हाताऱ्या टीव्हीवर धाकट्याचं घर लख्ख रंगांत उभं राहिलं. दिवाणखाना, हिरवळ, दारातली गाडी. मग 'ही तुझी खोली' म्हणताना पायऱ्या उतरून तळघर. तिथे कपडे धुण्याचं मशीन, रंगाचे रिकामे डबे, मशीनला खेटून एक अरुंद खाट आणि खाटेशेजारी पाळणा. वर एक ट्यूबलाइट. चारी बाजूंना कोरी भिंत, खिडकी नावालाही नाही. आणि दारात धाकटी जाऊ, तोंडावर हात दाबून हसू आवरत असलेली.

थोरलीने ते दोनदा पाहिलं. पहिल्यांदा तिला सासूबाईंची कीव आली, अगदी मनापासून आली. दुसऱ्यांदा पाहताना तिला स्वतःची आई आठवली. आई शेवटच्या आजारात असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू जाऊन काय दिवे लावणार आहेस? इथला स्वयंपाक कोण करणार?" मग कीव फार वेळ टिकली नाही. तिने सेटिंग होतं तसं करून ठेवलं.

"असं करू," थोरला घाम पुसत म्हणाला, "उद्या मेकॅनिकला बोलावतो. नीट बघ आणि मगच धाकट्याला हो म्हण."

थोरलीने रिमोट पदराआड घेतला.

"तेच बरं," सासूबाई म्हणाल्या. "तो आत्ता फोन करील, तिकीट काढू का म्हणून. पण बंद खोलीत मला धाप लागते रे. इथे पलंग खिडकीशी आहे म्हणून रात्र तरी निघते. तिथे खिडकी असली तर आजच निघते. नसली तर इथेच पडून राहीन मी." मग त्या सुनेकडे वळल्या. "अगं, तुझे डोळे चांगले आहेत. तुला दिसलं का काही?"

"दिसलं ना," थोरली म्हणाली. "मघाशी चित्र जरा थांबलं होतं तेव्हा. मोठी खिडकी आहे, आई. पलंगाला लागूनच."

"मला नाही दिसली," थोरला म्हणाला.

"तुम्ही टीव्हीच्या मागे वायर खोचत होता, अहो."

तेवढ्यात फोन वाजलाच. सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "काढ रे राजा तिकीट," एवढंच त्यांना बोलता आलं. पुढे रडूच कोसळलं.

रडून झाल्यावर त्यांनी सुनेला जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. आजवर कधी फिरवला नव्हता. "तुला मी फार बोलले गं."

थोरलीला भरून आलं. आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकावं असं वाटलं. तिने तोंड उघडलंही.

"तिकडे आता तसं बोलावं लागणार नाही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "धाकटी समजूतदार आहे."

थोरलीने तोंड मिटलं.

संध्याकाळी सासूबाईंनी सामानाची बांधाबांध सुरू केली. साड्या झाल्या, औषधं झाली, टीव्हीवरून मायेने फडकं फिरवून झालं. मग त्यांची नजर पलंगाशेजारच्या खिडकीकडे गेली.

"हे पडदे काढून दे गं. माझ्या हातचे आहेत, तिकडेच लावीन. पुरतील ना त्या खिडकीला?"

थोरली स्टुलावर चढली. एकेक कडी सोडवत तिने पडदे उतरवले आणि त्यांची नीट घडी घातली.

"पुरतील, आई," ती म्हणाली. "उरतीलसुद्धा."