पांढऱ्यावर नारिंगी

हँगरमध्ये ग्लायडरच्या पंखावर ओणवी होऊन मुलगी नारिंगी पट्टी चिकटवत होती. तिचे बाबा हात मागे बांधून उभे होते. आपल्याच गालावर कोणी बोथट वस्तरा फिरवतंय असा चेहरा करून.

“बुडबुडा राहिला,” ते म्हणाले. आठवड्याभरात तिच्याशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द.

तिनं अंगठ्यानं दाबून बुडबुडा कडेला सारला. बाबांनी पट्टीवरून नख फिरवलं. नख जरासंच अडलं. पण वीस वर्षं मऊ फडक्यानं पुसून पुसून जपलेला पंख होता तो, त्यामुळे ते थेट काळजात अडलं.

“इथं वारा अडखळणार. कशाला हा नट्टापट्टा? पांढरं आहे ते काय वाईट आहे?”

“पांढऱ्या ढगापुढे पांढरं दिसत नाही, बाबा.”

“डोळे उघडे ठेवले की सगळं दिसतं.”

तिचा हात थांबला. ग्लायडरना दोरानं वर ओढून नेणारं छोटं विमान ती चालवायची, याच मैदानावरून. डोळ्यांत तेल घालून चालवते, असं तिच्याबद्दल सगळे म्हणायचे. बाबा तर जरा जास्तच वेळा म्हणायचे.

“मागच्या रविवारी एकाला वर सोडून मी खाली येत होते,” ती पंखाकडे बघतच म्हणाली. “एकदम समोर तुझ्या ग्लायडरची शेपटी. इतकी जवळ, की तिच्यावरचा नंबर वाचता आला. कसंबसं विमान वळवलं. तोपर्यंत तू मला दिसलाच नव्हतास. बाबा, मी तुला मारलं असतं रे.”

बाबा जवळच्या स्टुलावर बसले.

“पण मी पंख हलवले होते. तू येताना. दोनदा.”

वर गाठ पडली की पंख डोलवायचे, हा त्या दोघांचा नमस्कार होता. ती उडायला शिकली तेव्हापासूनचा. एकानं केला की दुसऱ्यानं करायचाच.

“तू उत्तर दिलं नाहीस,” बाबा म्हणाले. “सकाळी मी गाडीच्या किल्लीवरून ओरडलो होतो ना तुला. मला वाटलं, राग काढलास. मुद्दाम जवळ आलीस आणि तोंड फिरवून गेलीस.”

“म्हणून आठवडाभर गाल फुगवून बसलास?” तिला हसू आणि रडू एकदमच आलं. नाक बाहीला पुसत ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

बाबांना हसू आलं नाही. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती लहान असताना ताप बघायला धरायचे तसा.

“थोडक्यात वाचलीस तू,” ते म्हणाले. “आणि मी रुसलो होतो.”