हरलेल्याचा चहा

"फटाका तो फटाकाच, दादा! तुझी गिरणी बसू दे दळत," धाकटा दारातूनच गरजला आणि चपला काढायच्या आधी त्याने टीव्ही लावला.

रविवारची दुपार. टीव्हीवर बास्केटबॉलची मॅच. खिडकीजवळच्या पलंगावर थोरला उशांना टेकून बसलेला. अर्धांगाचा झटका येऊन महिना उलटला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडातले शब्द गेले ते गेलेच. समोर स्टुलावर वहिनी. त्याच्या उजव्या तळहातात रबरी चेंडू ठेवायची, एकेक बोट त्यावर मिटायची, परत उघडायची. चेंडू घरंगळला की वाकून उचलायची आणि पुन्हा सुरू.

"आधी हात धुवा, भावजी. नखांत ग्रीस आहे."

भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि भांडणही एकच होतं, वर्षानुवर्षांचं. फटाका आणि गिरणी ही त्यांनी एकाच टीममधल्या दोन मोठ्या खेळाडूंना ठेवलेली नावं. फटाका मॅचभर झोपा काढायचा आणि शेवटच्या मिनिटाला बॉल असा टाकायचा की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. गिरणी प्रत्येक मॅचला, पहिल्या शिट्टीपासून नुसता राबायचा. बास्केट करायचा, दुसऱ्याला पास द्यायचा, हुकलेला बॉल उडी मारून परत आणायचा. मग दोघांत मोठा कोण? धाकटा फटाक्याचा, थोरला गिरणीचा. पंक्चर काढता काढता गळ्याच्या शिरा ताणून भांडायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं चाक धरून उभं. हरेल त्याने घरी चहा करायचा, असा कायदा होता. पण मेले दोघंही कधी हरलेच नाहीत! चहा आपली वहिनीच करत आली.

बोलायला शिकवायला येणारी बाई काल जाता जाता दारात थांबली होती. "चित्रं दाखवून काही होत नाहीये," ती हळूच म्हणाली, "ज्यावरून भांडायचे ते काढून बघा. फार लांबलं तर मग बोलणं अवघड आहे." वहिनीने ते जसंच्या तसं दिराला फोनवर सांगितलं. रडली नाही, फक्त फोन बंद करायचा विसरली.

म्हणून आज धाकटा कंबर कसून आला होता.

"बघ, तुझी गिरणी घामाघूम झाली. आणि आता बॉल कुणाला देणार? सांग की!"

थोरला टीव्हीकडे बघत होता. वहिनीने त्याच्या ओठाचा कोपरा पुसला.

"नाही सांगत? मग मान्य कर आणि ऊठ, चहा टाक."

तेवढ्यात टीव्हीवर फटाक्याने कोपऱ्यातून बॉल फेकला, तो रिंगवर फिरला आणि आत पडला. धाकटा खुर्चीवरून उडालाच. नाच नाच नाचला. पण नाचताना त्याचा एक डोळा भावाच्या तोंडाकडे होता, आणि ते तोंड काही उघडलं नाही. त्याचे पाय आपोआप थांबले.

मग त्याने ठेवणीतलं काढलं. हे बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण आता त्याची पार घाबरगुंडी उडाली होती.

"त्या दिवशी तू बाथरूममध्ये पडलास तेव्हा दार कुणी तोडलं? पाठुंगळी घेऊन कोण पळालं? मी! डॉक्टर काय म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण माझीच पाठ थोपटतो. शेवटचं मिनिट ज्याचं तोच मोठा, दादा! आता तरी बोल. शिवी दे, काहीही दे!" शेवटी त्याचा आवाज फाटला.

"खरंच आहे," वहिनी म्हणाली. "भावजी होते म्हणून वाचलात." तिने ते मनापासून म्हटलं. आणि पुन्हा एक बोट मिटलं.

थोरल्याने टीव्हीवरून नजर काढली. तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, वाकडे झाले, नुसतीच हवा आली. वहिनीचे हात जागच्या जागी थांबले. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला.

"ही..." तो म्हणाला.

धाकट्याने चाचपडत टीव्हीचा आवाज बंद केला. थोरल्याचं कपाळ घामाने भिजलं. चांगला असलेला डावा हात त्याने हळूहळू उचलला आणि तिच्या हातावर ठेवला.

"ही... रो... रोज."

धाकटा भावाच्या पायाशी मटकन बसला. "हरलो," तो म्हणाला. रडत होता आणि हसतही होता. "च्यायला, दादा, हरलो मी! साफ हरलो." त्याने ग्रीसच्याच हाताने डोळे पुसले, तोंड काळं करून घेतलं, आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेला.

आत भांडी आपटायला लागली. काहीतरी पडलं. मग आवाज आला, "वहिनी, साखर कुठंय?"

वहिनी सवयीने उठायला गेली आणि अर्ध्यावरून परत खाली बसली.

"शोधा तुमची तुम्ही," तिने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. "हे मला सोडत नाहीयेत."